उजवा डोळा झाकून

१

आमच्या खोलीच्या भिंती करड्या आहेत. छत करडं, टेबल करडं, आत शिरताना अंगावर चढवायचा डगलाही करडाच. दोऱ्याच्या कारखान्यात रंग जुळवणाऱ्या माणसाच्या आजूबाजूला दुसरा रंग असला की डोळा फसतो, म्हणून ही व्यवस्था. बारा वर्षं मी त्या खोलीत बसत आले. गिऱ्हाइकानं पाठवलेला कापडाचा तुकडा दिव्याच्या पेटीत एका बाजूला ठेवायचा, रंगखान्यातून आलेलं रीळ दुसऱ्या बाजूला, आणि बघायचं. जुळतंय की नाही. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा एवढंच.

शंका आली की मी एक डोळा मिटून बघते, मग दुसरा. ही सवय मला कुणी लावलेली नाही, कधी लागली तेही आठवत नाही.

त्या मंगळवारी लाल रंगाचं रीळ आलं. मी बघितलं आणि नापास करून खाली पाठवलं. पंधरा मिनिटांत रंगमास्तर स्वतः जिना चढून वर आले. तीस वर्षं रंगखान्यात काढल्यामुळे त्यांची नखं कधीच नखांच्या रंगाची नसायची. त्या दिवशी ती जांभळी होती.

"काय बाई, आज माझ्यावर राग आहे का? रंग मोजायच्या यंत्रानं पास केलाय हा माल."

"विटकरी मारतोय, मास्तर."

"विटकरी? हा?" त्यांनी रीळ पेटीत उलटंपालटं केलं आणि मग रिळाऐवजी माझ्याकडेच बघितलं. "झोप झाली नाही वाटतं."

मी डावा डोळा मिटला. दोरा लाल होता, हवा तसा, भडक. मग उजवा मिटला. तोच दोरा जुन्या कौलासारखा झाला. मी गिऱ्हाइकाचा तुकडा बघितला, तोही तसाच. पेटीवर धोक्याचं लाल चिन्ह छापलेलं होतं, तेही तसंच.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि पासचा शिक्का मारला.

"बघा, शेवटी म्हाताऱ्याचंच खरं," मास्तर खूश होऊन खाली गेले.

डोळा फिरवला की आत खोल, मागच्या बाजूला दुखत होतं. कुणीतरी दोरी बांधून हलकेच ओढावं तसं. मी घाबरायला हवं होतं. मी पुढचं रीळ घेतलं.

२

ताईला आठवड्यानं कळलं, तेही मी सांगितलं म्हणून नाही. जेवताना मी पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर पडलं. ताईनं फडकं आणून टेबल पुसलं, माझा पेला भरला आणि विचारलं, "कुठला डोळा?"

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई वीस. तेव्हापासून आम्ही दोघीच, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "एक पोर आहे ना पदरात, अजून कशाला?" मी चौतीस वर्षांची झाले तरी तिच्या तोंडी 'बारके' हेच नाव. ती एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसते. सगळे डॉक्टर तिला आवाजानं ओळखतात आणि जिन्यात समोरून आली तर ओळखत नाहीत. त्याच आवाजाच्या ओळखीवर तिनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसवलं.

तोवर डाव्या डोळ्यात नाण्याएवढा राखाडी डाग आला होता, बरोबर मधोमध. जे बघायला जावं तेच त्याच्याखाली जायचं. बाजूचं सगळं दिसायचं. माणूस दिसायचा, चेहरा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, त्यांनी यंत्राच्या बोगद्यात पाऊण तास झोपवलं, मग पाठीतून पाणी काढलं. शेवटी बाईंनी मेंदूचे फोटो उजेडात धरून पांढरे ठिपके दाखवले. वायरीवर प्लास्टिक असतं ना, तसं आपल्या मज्जातंतूंवर आवरण असतं. माझं शरीरच ते कुरतडत होतं. आत्ता डोळ्याच्या नसेवरचं कुरतडलंय. गेल्या वर्षभर पाय जड वाटत होते, उजव्या हाताची बोटं लाकडासारखी होत होती, तेही त्यातलंच. मी ते दिवसभर बसून राहण्याच्या आणि थंडीच्या नावावर खपवलं होतं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. ताईनं ते वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं.

"डोळा परत येईल?" तिनं विचारलं.

"बहुतेक वेळा येतो. पूर्ण नाही, पण येतो. पुढे काय होईल ते मात्र आज सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. मला ताईची पाठ थोपटायची होती; हात उचलून ठेवला, पण तो तिच्या पाठीवर आहे की बाकावर, हे मला बघून ठरवावं लागलं.

३

तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं. तोंडात सतत खिळा धरल्यासारखी चव. घरी सोडताना बाईंनी एक काम सांगितलं: रोज सकाळी नाश्त्यानंतर एकेक डोळा तळहातानं झाकून ठरावीक चार गोष्टी बघायच्या आणि काय दिसतं ते लिहून ठेवायचं. मी कॅलेंडरवरची तारीख, दाराची कडी, समोरच्या इमारतीचा पाइप आणि साखरेच्या डब्याचं लाल झाकण अशा चार गोष्टी ठरवल्या.

पहिल्या आठवड्यात तारीख नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तारखेच्या जागी कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं काहीतरी होतं. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी उजवा डोळा झाकला आणि तारीख दिसली. कडी दिसली. पाइप दिसला, त्याच्यावरचा गंजाचा ओघळही. लाल झाकण विटकं होतं, पण होतं. डाग गेला होता.

ताई समोरच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. दाणे भांड्यात टकटक पडत होते. तिला सांगावं म्हणून मी तशीच, उजवा डोळा झाकून, तिच्याकडे वळले.

खुर्चीत कुणी नव्हतं.

डाग नव्हता, धूसरपणा नव्हता. खुर्चीच्या पाठीच्या चारही उभ्या पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. तिसऱ्या पट्टीचं पॉलिश उडालं होतं. ते मला माहीत नव्हतं, कारण त्या खुर्चीत नेहमी ताई बसते. टेबलावर ताट होतं. ताटात एक शेंग होती, अख्खी. मग ती सोललेली होती. मधलं काही दिसलं नाही. आवाज मात्र येत होता, टक, टक, टक.

मी तळहात काढला. ताई होती. तिनं मान वर केली.

"काय गं, डोळा मारतेस काय मला?"

"डाग गेला," मी म्हटलं.

ती उठून आली आणि तिनं माझं डोकं पोटाशी धरलं. वहीत मी लिहिलं: तारीख स्पष्ट, कडी स्पष्ट, पाइप स्पष्ट, लाल फिकट. पाचवी ओळ लिहिली नाही.

४

पुढच्या तपासणीत मी डॉक्टरीणबाईंना आडून विचारलं. डाग गेला तरी एखादी वस्तू दिसत नाही, असं होतं का?

"होतं ना," त्या म्हणाल्या. "नजरेत छोटं भोक राहतं, पण मेंदूला रिकामी जागा खपत नाही. आजूबाजूचं बघून तो ती भरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, चादर असेल तर चादर. म्हणून तुम्हाला भोक दिसत नाही, वस्तू नाही एवढंच दिसतं."

हे पटण्यासारखं होतं. मला पटलंही. दोन दिवस मी निवांत होते. मग मला उडालेलं पॉलिश आठवलं. मेंदू भिंत भरेल, पट्टी भरेल. पण कधी न बघितलेला पोपडा तो कुठून आणेल?

भोक असेल तर ते डोळ्याबरोबर फिरलं पाहिजे. म्हणून मी ताईकडे न बघता घड्याळाकडे बघितलं; ती बाजूला कपडे वाळत घालत होती. उजवा झाकला. दोरीवर कपडे होते, एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. ताई नव्हती. मी कडीकडे बघितलं, छताकडे बघितलं. नव्हती. तिचा फोटो कपाटावर आहे, दवाखान्यातल्या सत्काराचा. डाव्या डोळ्याला त्यात ताई होती, हातात गुच्छ घेऊन, जरा अवघडलेली.

रविवारी सकाळी मास्तर भेटायला आले. बिस्किटांचा पुडा आणि कारखान्याच्या गप्पा घेऊन. ताईचं आणि त्यांचं पहिल्याच वाक्यात जमलं.

"तुमच्या बहिणीनं बारा वर्षं माझा माल नापास केला," ते म्हणाले. "आमच्या बायकोनंसुद्धा एवढा केला नाही."

"मग बायकोला चष्मा लावा," ताई म्हणाली.

मास्तर मांडीवर थाप मारून हसले. मी डोळा चोळल्यासारखं करून उजव्यावर हात धरला. मास्तर रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होते. हसता हसता त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली, खुर्चीच्या दिशेनं, आणि धरून ठेवली. एक बिस्किट कमी झालं. "घ्या की अजून एक," ते खुर्चीला म्हणाले. "नको, गोड सोसत नाही," खुर्चीतून ताईचा आवाज आला.

म्हणजे मास्तरांना ती दिसत होती. दवाखान्यात डॉक्टर तिच्याशी बोलत, शेजारी तिच्याकडून इस्त्री मागून नेत. ती होतीच. जगाच्या हिशेबानं ती पुरेपूर होती. मी हात खाली घेतला आणि चहा प्यायले. चहा किती गरम होता ते ओठांना लागेपर्यंत समजलं नाही.

५

त्यानंतर ते मला बघावंसं वाटायचं. भीती वाटायला हवी होती, पण भीती वाटण्यासाठी आत जे काही लागतं, तिथपर्यंत वायर पोहोचत नसावी. दुखऱ्या दाताला जीभ जाते तशी माझी नजर जायची, एवढंच.

एका दुपारी ताई खिडकीपाशी माझ्या शर्टाला बटण लावत होती आणि दवाखान्यातली गंमत सांगत होती. कुणी एक म्हातारा रोज फोन करून म्हणतो, 'आज कुठले डॉक्टर नाहीत ते सांगा, म्हणजे मी येत नाही.' मी उशीला टेकून पडले होते, उजवा गाल उशीत. त्यानं उजवा डोळा आपोआप झाकला जात होता. खिडकी दिसत होती, खिडकीतली खुर्ची, खुर्चीवर शर्ट.

गोष्ट मध्येच थांबली.

"बारके, तो डोळा उघड."

"कुठला?"

"माहितीये तुला."

मी डोकं उचललं. ताई सुई धरून बसली होती, सुईवाला हात दुसऱ्या हातानं दाबत.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे."

"हं. मला वाटलंच." तिनं दोरा दातानं तोडला. "त्या डोळ्यानं बघत नको जाऊस माझ्याकडे."

"का? काय होतं?"

तिनं सुई रिळात खोचून ठेवली. दवाखान्यात एखाद्याला कुठल्या खिडकीला पाठवायचं हे ठरवताना ती असंच आधी हातातलं बाजूला ठेवत असणार.

"बधिर होतं," ती म्हणाली. "इथपासून इथपर्यंत." तिनं मनगटापासून खांद्यापर्यंत बोट नेलं. "तू बघणं थांबवलंस की हळूहळू परत येतं. थोडा वेळ चालतं गं. जास्त वेळ नको."

"ताई, तुला भीती नाही वाटत?"

"भिऊन काय करू? उद्या सकाळची ड्यूटी आहे," ती म्हणाली आणि शर्टाची घडी घालू लागली.

त्यावर आम्ही परत बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या कापडाची एक झापड शिवली, कानामागून अडकवायची, आतून मऊ. घरात असले की मी ती डाव्या डोळ्यावर लावायची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, दोन डोळ्यांचे दोन रंग दिसतात, त्यानं डोकं दुखतं. त्या म्हणाल्या, बरं वाटत असेल तर लावा.

६

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी मी कामावर परत गेले. करड्या खोलीत माझ्या जागी पॅकिंगमधली मुलगी बसली होती. मला गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायचं काम दिलं. मी मास्तरांना गाठलं. त्यांनी जांभळ्या-हिरव्या नखांनी डोकं खाजवलं.

"अहो, तुमच्या ताईंचाच फोन होता ना. म्हणाल्या, रंगांचं काम तिला झेपणार नाही, डोळ्याला ताण नको, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका." मग जीभ चावून म्हणाले, "घ्या. सांगून बसलो."

चार वाजता झापड लावून घरात शिरले तेव्हा ताई इस्त्री करत होती.

"तू फोन केलास?"

"केला," ती म्हणाली. लपवाछपवी तिला कधीच जमली नाही. "उजव्या डोळ्यावर किती भार टाकणार आहेस? तोही गेला म्हणजे?"

"माझा डोळा आहे."

"तुझा आहे म्हणूनच. बारके, दुसरं तुला काय येतं, हे मला कळत नाही का? पण आधी—"

दुसरं तुला काय येतं. ती ते मायेनं म्हणाली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी झापड काढली. उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबला आणि ताई जिथं होती तिथं बघायला लागले.

"बारके, नको," आवाज आला.

मी बघत राहिले. इस्त्रीचं टेबल, त्यावर तिची निळी ओढणी, ओढणीवर इस्त्री. "अगं, हात... इस्त्री धरलीये मी... बारके..." मग आवाज थांबला. वाक्याच्या मध्ये नाही, शब्दाच्या मध्ये. खोलीत पंखा होता, रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं. मी बघत राहिले. किती वेळ, ते मला खरंच सांगता येणार नाही. ओढणीच्या कडेनं तपकिरी डाग पसरत गेला. डाव्या डोळ्याला तो नुसता मळकट दिसला. मग जळका वास आला आणि त्या वासानं मी हात काढला.

ताई टेबलाला टेकून उभी होती. ओठ पांढरे. उजवा हात खांद्यापासून निर्जीव होऊन टेबलावर पडला होता आणि इस्त्री तिच्या बोटांना चिकटून होती. तिला ते कळत नव्हतं. मीच धावत जाऊन इस्त्री बाजूला केली. बोटांवर पांढरी चामडी उठली होती.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. आश्चर्यानं म्हणाली. "अजिबात दुखत नाहीये गं."

चार दिवस ती दवाखान्यातला फोन डाव्या हातानं चालवत होती. लोकांना सांगितलं, इस्त्रीनं भाजलं. ते खरंच होतं. मला ती काही बोलली नाही. मला वाईट वाटलं असणार. मी तिच्या बोटांना मलम लावायची, तिचा हात माझ्या हातात घेऊन, आणि त्या दोन हातांत एकालाही दुसरा लागत नसायचा.

७

उजव्या डोळ्याचं दुखणं एका शनिवारी सकाळी सुरू झालं. दात घासताना नळाकडे बघितलं आणि आत दोरी ओढली गेली. मला ओळख पटली. मी चूळ भरली, तोंड पुसलं, बाहेर येऊन सांगितलं, "ताई, उजवा."

तिच्या हातात कपबशी होती. ती तिनं अगदी हळू खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग कपाटावरच्या स्वतःच्या फोटोकडे. "चल," ती म्हणाली. "चप्पल घाल."

जिना उतरताना कठडा धुरकट होता. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा पाटीवरची अक्षरं गेली होती. दुपारपर्यंत उजव्या डोळ्यात राखेशिवाय काही उरलं नाही. उजेड कुठल्या बाजूला आहे, तेवढं कळायचं.

"डाव्यानं दिसतंय ना व्यवस्थित?" नर्सबाई म्हणाल्या. "मग घाबरू नका. एक तरी आहे."

"दोन्हींवर पट्टी बांधा," मी म्हटलं.

"अहो, डाव्यावर कशाला?"

"बांधा. उजेड सोसत नाही."

त्यांनी बांधली. मग मी हाक मारली, "ताई?"

"आहे गं. इथंच आहे."

पाच दिवस मी तिला फक्त ऐकलं. सलाइन, खिळ्याची चव, आणि पलंगाच्या उजव्या हाताला तिचा आवाज. ती मला भरवायची आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंना आमच्या मास्तरांचे किस्से सांगायची. सकाळी डॉक्टरीणबाई तपासायला यायच्या तेव्हा डावी पट्टी सोडावी लागे. त्याआधी मी म्हणायची, "ताई, बाहेर जा," आणि चपलांचा आवाज दारापर्यंत जायचा. बाईंना वाटलं, बहिणीला बघवत नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझा हात धरलायस का?"

"धरलाय की. मघापासून."

"कुठला?"

पलंग करकरला; ती वाकून बघत असावी.

"बहुतेक उजवा," ती म्हणाली.

८

घरी आल्यावर आठवड्यानं उजव्यात फरक पडायला लागला. पट्टीच्या कडेनं खिडकीचा चौकोन जाणवायचा. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढायला परवानगी दिली. मी ती सकाळची काढायची ठरवली, नाश्त्यानंतर. डाव्यावर झापड घट्ट बसवली, वरून रुमाल बांधला.

"ताई, समोर बस. आधी तुलाच बघते."

"थांब, केस तरी विंचरू दे," ती म्हणाली. खुर्ची सरकली. "हं. काढ."

मी पट्टी काढली. आधी नुसतं दूध. मग दुधात खिडकी आली, टेबलाची कड आली, आणि मग ताई. पूर्ण. गळ्याशी बटण लावलेला निळा स्वेटर, नीट काढलेला भांग. रंग उतरलेले होते, सगळं धुवून वाळत घातल्यासारखं, पण ती खुर्चीत होती आणि खुर्चीची पाठ तिच्यामागे झाकलेली होती.

"आहेस," मी म्हटलं.

ती हसली. हसताना तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या कानाच्या जरा बाजूला, भिंतीवर होती. मला वाटलं, माझ्याच डोळ्याची चूक.

"बारके?" ती म्हणाली. "उठलीस का?"

"नाही. इथंच बसलेय."

"आवाज इथूनच येतोय," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. ती पुढे वाकली. तिनं भाजल्याच्या खुणांचा हात टेबलावरून सरकवत आणला, कप बाजूला केला आणि चाचपत माझ्या हातावर ठेवला. तिचा हात माझ्या हातावर होता, हे मी बघितलं. तिनं दाबून बघितलं. मग तो उचलून शेजारी ठेवला, टेबलावर, आणि तिथंही तसाच दाबून बघितला.

"ताई, तुला काय होतंय? डोळे दुखतायत का?"

"दोन दिवस झाले," ती म्हणाली. "फिरवले की मागे ओढल्यासारखं होतं. तुला म्हटलं, बरं वाटू दे आधी, मग सांगू." तिचा आवाज नेहमीसारखा होता, फोनवर कुणाला धीर देतात तसा. "थांब हं. बघते."

तिनं तळहात उचलला आणि एक डोळा झाकला. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग हात दुसऱ्या डोळ्यावर नेला आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"हां! या डोळ्यानं आहेस गं तू. दोन्हींनी बघितलं की घोळ होतो."

"हात काढ," मी म्हटलं. "ताई, दोन्ही डोळे उघड. बाईंकडे जाऊ, लगेच."

"हो, जाऊ ना. एक मिनिट. परत एकदा बघून घेते, त्यांना नीट सांगता आलं पाहिजे."

तिचा हात परत वर गेला. माझ्या मनगटातून काहीतरी वर चढायला लागलं, की आधीपासूनच तिथं काही नव्हतं, मला ठरवता येईना. मी उठायचा प्रयत्न केला. पाय जमिनीवर होते, ते दिसत होते. मी ताईला हाक मारली. ती मारली गेली का, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती एक डोळा झाकून माझ्या दिशेनं बघत होती, मन लावून, नमुना जुळवून बघावा तशी. कुठला डोळा झाकला होता, ते त्या दुधातून मला दिसत नव्हतं.